पडण्याचं श्रेय

केडगाव,
२० नोव्हेंबर २०२५

आई,

नमस्कार पोचला असं समजा, कारण पुढे लिहायचं खूप आहे आणि मनगट अजून लवकर दमतं.

हे पत्र बघून तुम्ही चष्मा शोधाल आणि मामा म्हणतील, मोबाईलच्या जमान्यात सुनेला हे काय सुचलं. पण करू काय? फोन केला की मामा तो तुमच्या कानाशी धरतात, मी इकडून ओरडते, तुम्ही तिकडून "जेवले, जेवले" म्हणता आणि फोन परत मामांकडे जातो. मी जेवणाचं विचारलेलंच नसतं. पोस्टात आंतरदेशीय पत्र मागितलं, तर खिडकीतल्या बाई माझ्याकडे जरा बघतच राहिल्या. पण तुम्ही पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाचता, तेव्हा सुनेचं पत्र टाकून देणार नाही एवढा भरवसा आहे.

तुम्ही "दोन दिस भावाकडं जाऊन येते" म्हणून गेलात. दोन दिवसांसाठी कुणी सोनईला गोधडी घेऊन जात नाही. गोळ्यांचा डबा नेलात, पोथी नेलीत, आणि जाताना बायडाकाकूंचं विरजणाचं भांडं आठवणीनं परत करून गेलात. मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण आदल्याच दिवशी प्लास्टर निघालं होतं, आणि मी आपली बारीक झालेल्या हाताकडे बघत बसले होते.

ओंकार म्हणतो, आई रागावून गेली, राग उतरला की येईल. तुमच्या मुलाला कुणाचाच राग वेळेवर कळत नाही, त्यात आता नवीन काही नाही. तुम्ही रागावलात की भांडी आपटता. त्या दिवशी तुम्ही कपबश्या इतक्या हळू लावल्यात की मला जागसुद्धा आली नाही. तो राग नव्हता. मग काय होतं, तेच विचारायला हे पत्र आहे.

लाँगबोर्डचं, त्या माझ्या चाकांच्या फळीचं, काही असेल तर सरळ सांगा. आमच्या कंपनीतली सुकन्या नोकरी सोडून परदेशी निघाली तेव्हा तो मला देऊन गेली. मी घरी आणला त्या दिवशी सगळ्यात आधी तुम्हीच तो वाकून बघितलात आणि म्हणालात, "चाकं चांगली हायेत गं, पण धरायचं कशाला?" तेव्हा तर तुम्हाला मौजच वाटली होती. आता तो कपाटामागे उभा आहे. दसऱ्यानंतर मी त्याला हात लावलेला नाही. तुम्ही म्हणालात तर देऊन टाकीन. जिवावर येईल, पण देईन. मला घरात तुम्ही हव्या आहात.

हे शेवटचं वाक्य लिहायला एवढं पान घालवलं.

तुमची,
निकिता


केडगाव,
२८ नोव्हेंबर

आई,

तुमचं उत्तर नाही. मामांनी ओंकारला सांगितलं की पत्र दोनदा वाचलं, घडी घालून पोथीत ठेवलं आणि शेंगा फोडायला बसली. ठीक आहे. कारण मला काल दुसरीकडून कळलं.

विरजण मागायला बायडाकाकूंकडे गेले होते. काकूंनी विरजण दिलं आणि वर हेही दिलं: "मीच म्हनलं हुतं लंकाला, तुज्या सासूला. नवी वस्तू घरात आली, तिला हळदीकुंकू लावायला सवाशीन नको का? कपाळ उघडं आन् ही निघाली पूजेला. मग पोरीचा हात मोडला का न्हाई?"

विरजणाचं भांडं हातात घेऊन मी उभी राहिले. आई, हे तुम्ही मनाला लावून घेतलंत? म्हणून गेलात?

मग दसऱ्याचं मी एकदा नीट लिहिते, कारण तुम्ही ते चुकीचं लक्षात ठेवलं आहे.

दादा गेले, तुमचं कुंकू गेलं, त्याला नऊ वर्षं झाली. मी या घरात आल्यापासून बघते, पूजा असली की ताट तुम्ही करता, फुलं तुम्ही निवडता, आणि ऐन वेळी ताट माझ्या हातात देऊन भिंतीला जाऊन उभ्या राहता. मला ते कधीच आवडलं नाही. यंदा ओंकारची मोटारसायकल, माझी स्कूटी, शिलाई मशीन आणि लाँगबोर्ड असं सगळं ओळीनं मांडलं, आणि मी हट्ट धरला की पूजा आईंनीच करायची. तुम्ही आत निघून गेलात. मी हाताला धरून बाहेर आणलं. तेव्हा हा उपद्व्याप कुणाचा होता? माझा.

एकदा बसल्यावर मात्र तुम्ही सगळं रीतसर केलंत. बोर्डावर कुंकवाचं स्वस्तिक काढायला लागलात, तेव्हा मी विचारलं की आई, मी पाय कुठे ठेवू? तुम्ही विचार केलात आणि बोर्ड उलटा करून म्हणालात, "खालनं काढू. देवाला तिकडनं बी दिसतंय." ते स्वस्तिक अजून आहे. मग तुम्ही आतून लिंबं आणलीत. गाडी म्हटली की चाकाखाली लिंबू, चार चाकं म्हणून चार लिंबं. आम्ही तिघं तिथे होतो, त्यातली दोघं पदवीधर, आणि एकाच्याही डोक्यात आलं नाही की कारखाली लिंबू फुटतं ते कारच्या वजनानं. ओंकार तर मोबाईल धरून शूटिंग करत होता. मी ऐटीत चढले, बोर्ड लिंबांवरून सुटला, आणि मी फरशीवर. लिंबू एकही फुटलं नाही.

यात तुमच्या कपाळाचा संबंध कुठे आला? चाकांखाली गोल वस्तू ठेवल्या आणि त्यावर एक बाई चढली. सवाष्णीनं ठेवलं असतं तरी लिंबू गोलच राहिलं असतं.

आणखी एक, जे मी तुमच्या तोंडावर कधी बोलले नसते. तुम्हाला माहीत आहे, आमच्या पाथर्डीकडे दिवाळी झाली की निम्मं गाव उसाला जातं. माझे आई-अण्णा ऊस तोडायला जायचे, मी वसतिगृहात. तिथे उवा नकोत म्हणून आमचे केस पोरांसारखे कापायचे. आई परत येईपर्यंत वेणी घालण्याइतके केस डोक्यावर नसायचेच. हात प्लास्टरमध्ये होता तेव्हा तुम्ही रोज सकाळी मला पुढ्यात बसवून वेणी घालत होतात. तुम्ही फार घट्ट घालता, डोकं ठणकायचं, पण मी सांगितलं नाही, कारण सैल घालायला लागला असतात तर लवकर संपली असती. तो हात वाईट आहे असं बायडाकाकू म्हणोत नाहीतर आणखी कुणी, मला ते ऐकवत नाही.

या ना घरी.

निकिता


केडगाव,
१२ डिसेंबर

आई,

अक्षर वाकडं का, ते पुढे कळेल. आधी कबूल करा की रागावणार नाही. केलंत? बरं.

मी फळी बाहेर काढली आहे.

तुम्ही उत्तर देत नाही, तेव्हा म्हटलं तुमचं म्हणणं खोटं पाडायचा हाच एक रस्ता आहे. आपल्यामागे ते नवीन प्लॉटिंग पडलं आहे ना, कमान आहे, विजेचे खांब आहेत, गुळगुळीत डांबरी रस्ते आहेत आणि घर एकही नाही, तिथे जाते. कंपनीला गुरुवारी सुट्टी असते, ओंकार कामावर जातो, आणि तिथे माणूस म्हणजे फक्त राखणदार अजिनाथ. पहिल्या दिवशी त्यानं बोर्डाला चक्कर मारून विचारलं, "वहिनी, हिला ब्रेक कुठंय?" म्हटलं, नाही. "मंग थांबायचं कसं?" म्हटलं, तेच शिकायला आले आहे. तो खुर्ची घेऊन सावलीत बसला. काल तर मी जायच्या आधीच येऊन बसला होता.

काळजी करू नका, गुडघ्याला, कोपराला, मनगटाला पट्टे बांधते आणि डोक्यावर ओंकारचं मोटारसायकलचं हेल्मेट घालते. कुठे चोरी करायला निघाल्यासारखी दिसते.

सुकन्यानं व्हिडिओ कॉलवर सांगितलं की कुठला पाय पुढे ठेवायचा हे आपलं आपल्याला ठरवता येत नाही. कुणीतरी न सांगता मागून ढकलायचं, आणि तोल सावरायला जो पाय आधी जाईल तो पुढचा. हे काम ओंकारनं फार आवडीनं केलं. माझा डावा निघाला. डावा पाय बोर्डावर, उजव्यानं जमीन मागे सारायची, आणि वेग आला की उजवाही वर घेऊन आडवं उभं राहायचं. सांगायला एवढंच आहे. पण पाय वर घेताना माझी नजर पायाकडे जाते, आणि नजर खाली गेली की मीही जाते. समोर बघायचं. जिकडे बघाल तिकडे फळी जाते, हे मला आधी खोटं वाटलं होतं. एकदा अजिनाथच्या खुर्चीकडे बघितलं आणि थेट तिथेच गेले.

मला ही फळी का हवी वाटली, ते ओंकारनंही विचारलं नाही. तुम्ही विचारलं असतंत, पण ऐकू गेलं नसतं म्हणून मी सांगितलं नसतं. लहानपणी आमच्या रानात नांगरट झाली की ढेकळं फोडायला बैलांमागे लाकडी फळी बांधायचे. वजन म्हणून अण्णा मला तिच्यावर उभी करायचे. पायाखाली रान सरकायचं, ढेकळं फुटायची, मातीनं तोंड भरायचं, आणि मला सगळ्या जगाची मालकीण झाल्यासारखं वाटायचं. अण्णा ओरडायचे, "गुडघं ढिलं सोड!" मग एका वर्षी आई म्हणाली, मोठी झालीस, आता उतर. उतरले. त्यानंतर चढ असं कुणी म्हणालं नाही. शिक्षण झालं, लग्न झालं, सुप्याची नोकरी लागली, सगळं चांगलं झालं. पण सुकन्यानं तो बोर्ड माझ्यासमोर ठेवला तेव्हा माझे गुडघे आपोआप ढिले झाले, आई. खरंच झाले.

आता मुद्द्याचं. मी पडले. बऱ्याचदा पडले. पहिल्यांदा हरभऱ्याएवढा खडा चाकाखाली आला, चाक थांबलं आणि मी पुढे गेले. मग शेळी आडवी आली. मग उतारावर बोर्ड थरथरायला लागला आणि मी घाबरून उडी मारली ती काट्यांत. मी रस्त्याला नावं ठेवायला लागले, तर अजिनाथ म्हणाला, "नाचता येईना, अंगण वाकडं." काल पट्टा सरकून कोपर सोलून निघालं, म्हणून हे अक्षर. तुम्ही म्हणाल, पडलं तरी नाक वर. आहेच वर.

यातल्या एकाही वेळी पूजा झालेली नव्हती. कुणी हळदीकुंकू लावलं नव्हतं, लिंबू ठेवलं नव्हतं. तुम्ही सोनईत शेंगा फोडत होतात. हे सगळं पडणं माझं स्वतःचं आहे, मी कष्टानं मिळवलेलं. दसऱ्याचंही माझंच होतं. त्याचं श्रेय तुम्ही घेऊ नका.

पंचवीस तारखेच्या सुट्टीत मी सोनईला येते.

निकिता


केडगाव,
२६ डिसेंबर

आई,

काल जे सांगायचं राहिलं ते आज लिहिते.

मी मोठ्या तोऱ्यात आले होते. बाही मुद्दाम वर सारली होती, कोपराची खपली पुरावा म्हणून दाखवायला. तुम्ही पाणी दिलंत, बाजरीची भाकरी वाढलीत, कोपर बघितलंत आणि हळदीचा डबा माझ्याकडे सरकवलात. स्वतः लावली नाहीत. मी पाणी घेताना तुमच्या बोटांना माझी बोटं लागू नयेत म्हणून तुम्ही तांब्या आधी खाली ठेवलात, तेही मी बघितलं.

मग मी भाषण सुरू केलं. बायडाकाकू, कपाळ, सवाष्ण, हे सगळं कसं जुनं आणि खोटं आहे ते मोठ्यानं सांगितलं. शेजारचे दोघं कुंपणाशी येऊन उभे राहिले, इतक्या मोठ्यानं. तुम्ही मला बोलू दिलंत. मग म्हणालात, "बायडीचं कोन मनावर घेतंय? ती तर शेळी मेली तरी मलाच बोलती."

आणि मग ते म्हणालात. मी तुमचेच शब्द लिहिते, म्हणजे मी नीट ऐकलं हे तुम्हाला कळेल.

"ह्यांच्या गाडीची पूजा त्या दसऱ्याला मीच केल्ती. तवा माझं कपाळ भरलेलं हुतं. लिंबू बी मीच ठिवलं. दिवाळी न्हाई बघितली त्यांनी. तवापासनं मी कुठल्या चाकाला हात लावला न्हाई. तू वढून नेलंस म्हनून लावला, आन् तुजं हाड मोडल्याचा आवाज मला आला. मला, बहिरीला. मी लांब हाय तेच बरंय."

ओंकारला हे माहीत नव्हतं. मी त्याला रात्री सांगितलं. नऊ वर्षं तुम्ही हे एकट्यानं सांभाळलंत, आणि आम्ही समजत होतो की तुम्ही रीत पाळता.

लिंबू गोल असतं, हे दादांच्या बाबतीत कसं म्हणणार? मी ताट घासून ठेवलं आणि पाचच्या गाडीनं निघाले. उत्तर मला घोडेगावच्या पुढे बसमध्ये सुचलं. माझं असंच होतं.

घरी आल्यावर मी ओंकारला विचारलं, दादांनी ती गाडी कधी घेतली होती? तो म्हणाला, मी सहावीत होतो तेव्हा. म्हणजे दादा गेले तेव्हा गाडी दहा-अकरा वर्षांची होती. आणि तिची पूजा कोण करायचं? म्हणाला, आईच की, दर दसऱ्याला.

आई, तीच गाडी, तोच हात. दादा त्या गाडीवर रोज मार्केट यार्डात आडतीवर जायचे आणि संध्याकाळी परत यायचे. कांद्याच्या सीझनला उशीर व्हायचा, हायवेला ट्रकची रांग असायची, तरी यायचे. ओंकार म्हणतो, गाडी गल्लीत वळली की तुम्ही चहा टाकायचात, आणि ते पाय धुऊन येईपर्यंत चहा गाळलेला असायचा. इतकी वर्षं ते घरी येत होते, त्याचं श्रेय तुम्ही कधी घेतलं नाहीत. एका संध्याकाळी आले नाहीत, त्याचा दोष मात्र सगळाच्या सगळा उचललात. असं कसं चालेल? तुमच्या हातात काही असेल, तर त्यांचं जाणं जेवढं आहे तेवढंच त्यांचं येणंही आहे. घ्यायचं तर दोन्ही घ्या. नाहीतर दोन्ही सोडा.

मला विचाराल तर दोन्ही सोडावं. अंधार होता, डंपर होता, रस्त्यावर वाळू सांडली होती. पण मी तुमच्या जागी नव्हते, म्हणून हे मी ठासून सांगत नाही.

आणि मला भीती वाटत नाही असंही समजू नका. दर गुरुवारी बोर्डावर पाय ठेवताना वाटते. ती जात नाही. ती असतानाच उजवा पाय उचलावा लागतो, एवढंच मला या महिनाभरात कळलं.

इतकी पत्रं मी तुम्हाला या, या म्हणत राहिले, पाहुण्यांना म्हणतात तसं. ते चुकलं. घर तुमचं आहे. त्यात नंतर आले ती मी. आता मी बोलावणार नाही.

निकिता


शुक्रवार, ९ जानेवारी
(ओट्यावर, चहाच्या डब्याखाली)

आई,

तुम्हाला झोप लागली होती, उठवलं नाही. कंपनीची बस आली आहे, म्हणून भराभर लिहिते. मामांनी रविवारी तुम्हाला घरी आणून सोडलं तेव्हाचं बाजरीचं पोतं अजून दाराआडच आहे, ओंकारला हलवायला सांगा, तुम्ही उचलू नका. गोधडी गच्चीवर उन्हात टाकली आहे.

बायडाकाकू आज नक्की विचारायला येतील, कारण काल त्यांनी आपल्याला प्लॉटिंगकडे जाताना बघितलं. येऊ द्या. सगळं खरं सांगा. हळदीकुंकू नाही, नारळ नाही. मला ढकलायला माणूस हवा होता आणि तुम्ही आलात. मी बोर्डावर उभी राहिले तरी तुम्ही लांबच होतात, पदर हाताभोवती गुंडाळून. कितीतरी वेळ नुसती उभी राहिले, अजिनाथसुद्धा खुर्चीत पुढे सरकून बसला. मग माझ्या पाठीवर दोन्ही हात आले. गरम होते.

तुम्ही ढकललंत आणि मी निघाले. गुडघे ढिले, नजर समोर. तिसऱ्या खांबापर्यंत गेले, आई, वाऱ्याचा आवाज हेल्मेटच्या आत येत होता. आणि मग पडले. चांगलीच पडले, पट्ट्याखालून गुडघा फुटला.

गुडघ्याकडे मी बघितलंच नाही. आधी तुमच्याकडे बघितलं. वाटलं, संपलं, आता आई संध्याकाळच्या गाडीनं परत जाणार. तुम्ही जागच्या हलला नाहीत. मग चालत आलात, सावकाश, वाकलात, माझ्या गुडघ्यावरचं रक्त पदरानं टिपलंत. रस्ता हातानं चाचपडलात, काहीतरी उचललंत, डोळ्यांजवळ नेऊन बघितलंत आणि लांब भिरकावून दिलंत.

म्हणालात, "खडा हुता. ऊठ."